मदत हवी आहे: गरम इंजिन उशिरा सुरू होतं, इंजेक्टर गळतोय का?

गाडी 2003 ची, पेट्रोल, चार सिलिंडर एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), रिटर्न लाइनवाली (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी). थंड असताना अर्ध्या सेल्फात सुरू. पण यवतेश्वर घाट चढून वीस मिनिटं बंद ठेवली की आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग काळा धूर आणि पेट्रोलचा वास.

रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) गेज लावला: आयडलला 2.5 बार, रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर राखणारा भाग) व्हॅक्यूम नळी काढली की 3. म्हणजे पंप आणि रेग्युलेटरचं काम बरोबर. व्हॅक्यूम नळी आतून कोरडी, तेव्हा रेग्युलेटरचा डायफ्रामही (आतला पडदा) फुटलेला नाही. गडबड पुढे आहे. चावी बंद केल्यावर पाच मिनिटांत प्रेशर 1 बारच्या खाली. फीड आणि रिटर्न दोन्ही होज क्लॅम्प केले तरी तसंच उतरतं. बाहेर कुठे ओल नाही, म्हणून इंजेक्टरवर संशय.

चारही इंजेक्टरची कॉइल 14 ओमच्या आसपास, पण त्यावरून सुई नीट बसते का ते कळत नाहीच. तीन नंबरचा प्लग काजळलेला. स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते) आयडलला उणे 14, 2500 आरपीएमला उणे 3. कूलंट सेन्सर 80 अंशाला 300 ओम, त्यामुळे त्याच्यावर संशय नाही. (गॅरेजवाले मात्र आधी पंपच बदला म्हणतात!)

आता रेल इंजेक्टरसकट वर काढून, इग्निशनची जोडणी सोडून, प्रेशरखाली थेंब बघणार आहे. विचारायचं ते असं: सातारा, कराड किंवा सांगलीत इंजेक्टरच्या अल्ट्रासोनिक सफाईसोबत लीक टेस्ट आणि फ्लो टेस्टचं माप लिहून देणारं कोणी आहे का? सीट (सुई बसते ती जागा) झिजलेली असेल तर सफाईने थेंब थांबतो का? आणि एकच बदलावा की चारही? ओ-रिंग तर सगळ्या नव्याच घालणार.