इमारतीचे फोटो एकदा काढले, पैसे कितीदा मागायचे?

उभी_रेघ
नऊ वर्षं पुण्यात फक्त इमारती नि इंटिरियरचे फोटो काढतोय. लग्नं नाहीत, बारशी नाहीत. परवा पाषाण रस्त्यावर खिडक्यांच्या जाहिरातीचं एक होर्डिंग दिसलं, त्यावर फोटो माझा! दोन वर्षांपूर्वी एका आर्किटेक्टसाठी मुळशीकडच्या बंगल्याचा काढलेला. त्यांनी तो ॲल्युमिनियमच्या खिडक्या पुरवणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यानं जाहिरातवाल्यांना दिला. त्यांनी माझं संध्याकाळचं निळं आभाळ काढून तिथं दुपारचं पांढरं चिकटवलंय. खिडक्यांतले दिवे मात्र भर दुपारी जळतायत.

फोन केला तर आर्किटेक्ट म्हणाले, "अरे, त्या कामाचे पैसे दिलेत ना तुला?" दिलेत. ३५ हजारांत २० फोटो. पण ते त्यांच्या वेबसाइटसाठी, स्पर्धेसाठी, मासिकासाठी. खिडकीवाल्याच्या धंद्यासाठी नव्हेत. माझं म्हणणं असं, की दर दिवसावर नको, वापरावर हवा. खिडकीवाला, फरशीवाला, दिवेवाला फोटो काढण्याआधीच खर्चात सामील झाले तर प्रत्येकानं मूळ रकमेच्या तीस टक्के द्यावेत, नंतर आले तर पन्नास. हे फार होतंय का?

ओळंबा
होतंय. मी आर्किटेक्ट आहे, नाशिकला. डिझाइन माझं, तीन वर्षं प्लंबरच्या मागे मी धावलो, मालकाच्या मेहुण्यानं सुचवलेली गुलाबी कमान मी थोपवली. तुम्ही एक दिवस आलात. आमची फी टप्प्याटप्प्यानं येते आणि शेवटचा हप्ता वास्तुशांतीनंतर मालक सोयीस्कर विसरतो. खिडकीवाल्याला फोटो का दिले जातात सांगू? कारण शेवटची चार तावदानं त्यानं उधारीवर बसवलेली असतात. त्याला "थांब, फोटोग्राफरला विचारतो" म्हणायचं म्हणजे गवंड्यानं भिंतीचं महिन्याला भाडं मागण्यातला प्रकार झाला.

उभी_रेघ
गवंड्यानं बांधलेली भिंत जागची हलत नाही हो. माझी भिंत होर्डिंगवर चढली.

आणि एका दिवसाचं म्हणाल तर ऐका. त्या बंगल्याचं तोंड उत्तरेला. बोलावलं डिसेंबरात. आपल्याकडं डिसेंबरात उत्तरेच्या भिंतीला दिवसभरात उन्हाचा कवडसासुद्धा लागत नाही. भिंत काळ्या दगडाची, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेली, आणि सावलीत ती डांबरासारखी सपाट दिसत होती. आतले फोटो काढून परत आलो. मेमध्ये पुन्हा गेलो, सकाळी सातला. ऊन भिंतीला घासून जात होतं, प्रत्येक घाव उठला. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे मागितले नाहीत, ही माझी चूक.

संध्याकाळचा फोटो म्हणजे सूर्य बुडाल्यानंतरची वीसेक मिनिटं. आतले दिवे आणि बाहेरचं आभाळ तेवढाच वेळ जुळतात, त्यात चार फोटो मिळाले तर नशीब. त्याआधी दोन तास मी काय करतो? दोरीवरचा टॉवेल काढतो, बादल्या हलवतो, गच्चीवरची काळी टाकी कुठून दिसणार नाही ते शोधत चिखलात फिरतो. घरी आल्यावर एकेका फोटोला दोन-तीन तास. ३५ हजार भागिले किती दिवस, तुम्हीच करा.

सॅम्पल_फ्लॅट
मीही याच धंद्यात, कोल्हापुरात. मला उभी_रेघ यांचं पटत नाही. मी फोटोमागं सहाशे घेतो, मग तो फोटो होर्डिंगवर लावा नाहीतर साबणाच्या वडीवर छापा. वर्षाला पन्नासेक कामं होतात. इथं पाच पानी करार पाठवला तर माणूस फोन उचलायचा बंद होतो. मालक सरळ म्हणतो, "माझ्या मोबाइलमध्ये पण वाइड आहे." त्यात भिंती मागं कलंडलेल्या दिसतात हे त्याला दिसतच नाही, आणि भिंती सरळ दाखवणाऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सवर मी एवढे पैसे घातले ते त्याला सांगून उपयोग नाही. करारापेक्षा निम्मा ॲडव्हान्स घ्या, शांत झोपा.

उभी_रेघ
सहाशेला देताय म्हणूनच मालक मला "कोल्हापूरला सहाशेत होतं" म्हणतात, दादा.

सनद
वकील म्हणून दोन शब्द. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. फोटोचा कर्ता हा पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम. पण कोणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. उभी_रेघ, तुमच्याकडं लेखी काय आहे? "ओके सर" आणि अंगठा? मग त्या फोटोंचा हक्क बहुधा आर्किटेक्टचाच, आणि तुमचे तीस-पन्नास टक्के हवेत विरले.

ओळंबासाहेब, लगेच पेढे वाटू नका. त्या अपवादात फोटो आहे, चित्र आहे, सिनेमा आहे. वास्तूचा आराखडा नाही. म्हणून मालकानं पूर्ण फी देऊनही, वेगळा करार नसेल तर नकाशाचा हक्क तुमच्याकडं राहतो. त्यानं तुमचा प्लॅन भावाला दिला आणि भावानं शेजारच्या प्लॉटवर तोच बंगला उठवला, तर तुम्ही माझ्याकडं धावत याल. तेव्हा भिंतीच्या भाड्याचं उदाहरण देऊ नका.

आभाळ बदललं त्याबद्दल कलम ५७ आहे. हक्क दुसऱ्याकडं गेला तरी कर्त्याला नाव लावून घेण्याचा आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार उरतो. भर दुपारी दिवे जळल्यानं प्रतिष्ठा जाते का, हे कोर्टाला पटवावं लागेल. खात्री देत नाही.

ओळंबा
प्लॅन भावाला दिल्याचा प्रकार माझ्या बाबतीत झालाय. त्यावर बोलत नाही. पण व्यवहार बघा. मी कोटेशन मागतो तेव्हा मला एक आकडा हवा असतो. खिडकीवाला तयार आहे का, फरशीवाला किती देणार, ही वर्गणी मी का गोळा करू? मी काय गणपती मंडळ आहे?

ताळेबंद
करार बिरार राहू दे, पैसे वेळेवर येतात का ते सांगा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा, फुकट आहे. मग पैसे द्यायची लेखी मुदत ठरली असेल तरी समोरच्याला ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही, ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते कोणी मागत नाही, कारण पुढचं काम हवं असतं. पण बिलावर उद्यम क्रमांक छापला की समोरच्याचा सीए थकलेलं बिल मिटवायला आपणहून मार्चमध्ये फोन करतो, हे मी पाहिलंय.

उभी_रेघ
सनद, आभार. वाचून पोटात गोळा आला. नऊ वर्षांत एकदाही सही घेतलेली नाही. आज कोटेशनच्या खाली चार ओळी घातल्या: हक्क माझा, वापर फक्त तुमच्या कार्यालयापुरता, तिसऱ्याला देण्याआधी मला विचारा, फोटोत बदल नको. सही आल्याशिवाय कॅमेरा बॅगेबाहेर येणार नाही. जुनं होर्डिंग सोडून दिलं.

तुळशीवृंदावन
इतका वेळ वाचतेय. आमच्याही घराचे फोटो आर्किटेक्टनं काढून घेतले. आठ दिवसांनी नणंदेचा फोन, "वहिनी, तुमचं देवघर फरशीच्या दुकानात लागलंय." गेले बघायला. चार फूट बाय सहा फूट. सासूबाई पाठमोऱ्या, समईची वात सारतायत. हक्क फोटोवाल्याचा की आर्किटेक्टचा, यावर तुमचं एवढं चाललंय. घरात राहणाऱ्याला कोणी विचारायचं?

सॅम्पल_फ्लॅट
फोटो चांगला आला होता का पण?

तुळशीवृंदावन
आला होता. म्हणून तर जास्त राग आला.

ओळंबा
ताई, आमच्या करारात मालकाची संमती असते. म्हणजे असायला हवी. उद्या तपासतो.

उभी_रेघ, दिवाळीनंतर माझं गंगापूर रस्त्याचं काम पुरं होतंय, तोंड पश्चिमेला. चार ओळींसकट कोटेशन पाठवा. खिडकीवाल्याकडं तीस टक्के मात्र तुम्हीच मागायचे.

उभी_रेघ
पाठवतो. त्याचा नंबर द्या.

तुळशीवृंदावन
आणि देवघराचं काय ठरलं?