खंबाटकीत तापलेल्या मारुती ८००चं हेड (इंजिनाचा वरचा भाग) घरीच उतरवलंय, बसवण्याआधी काय बघू?

गोडोलीकर:
वडिलांची १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लालच्या वर गेला. डिपस्टिक ओढली तर ऑइल चहासारखं दुधाळ, म्हणजे त्यात कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळलेलं. गॅरेजवाला म्हणाला, हेडच नवं टाका. मन तयार होईना, म्हणून दोन रविवार घालवून अंगणातच हेड उतरवलं. टायमिंगच्या खुणांचे फोटो काढलेत, बोल्ट पुठ्ठ्यावर आपापल्या जागी खोचलेत, सहाही व्हॉल्व्ह बाहेर आहेत. हेडला फेसिंग, म्हणजे मशीनवर तळ सपाट करणं, लागेल का? आणि व्हॉल्व्ह मी स्वतः घासू का?

कुपवाडचा फेसिंगवाला:
आधी माप घ्या. ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं डोळ्याला दिसत नाही. सरळ पोलादी पट्टी धारेवर उभी ठेवा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्यांत. खालनं ०.०५ मिमीची फिलर पात (फट मोजायची पातळ पट्टी) शिरली तर फेसिंग करा, पण मिस्त्रीला सांगा, लागेल तेवढंच घे. जास्त घेतलं की कॉम्प्रेशन वाढून गाडी नॉक करते, म्हणजे इंजिन ठकठक वाजतं. कार्बन लाकडी पट्टीनं खरवडा, लोखंड लावू नका.

व्हॉल्व्ह स्वतःच घासा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बारीक पेस्टचा टिपका लावायचा, रबरी कपाची काठी दोन्ही तळहातांत रवीसारखी फिरवायची, मधनंमधनं उचलून जागा बदलायची. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. पुसून बघा, सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) राखाडी कडं सलग दिसलं पाहिजे. ज्या सीटचा व्हॉल्व्ह त्याच सीटवर, अदलाबदल नको. पेस्टचा कणही राहू देऊ नका, तो गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) खातो. नवे सील, स्प्रिंग, लॉक लावून झाले की प्लग बसवून हेड उलटं ठेवा आणि चेंबरमध्ये रॉकेल भरा. अर्ध्या तासानं व्हॉल्व्हमागच्या पोर्टात (हवा-धुराच्या वाटेत) ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह परत घासायचा.

मिरजेहून:
हेडखालच्या ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा हो! माझ्या भावाच्या गाडीत एका भोकात कुलंट राहिलं होतं, बोल्ट आवळताना ब्लॉकला चीर गेली. पाणी दबत नाही, ते जागा मागतं. सिरिंजनं ओढा, मग कापडाचा बोळा फिरवा. बोल्ट मधनं बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्ह्यानंच (आवळायचा जोर मोजणारा पाना). आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या, कुणाचा ऐकीव नको.

गोडोलीकर:
आज पट्टी लावली. एका तिरक्यात ०.०५ची पात शिरली, ०.१०ची नाही. उद्या हेड फेसिंगला देतो. रॉकेल मिळेना, डिझेल चालेल?

कुपवाडचा फेसिंगवाला:
चालेल. पण गाडी मुळात तापली का, ते शोधलंत का? थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतोय का बघा. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीवर जोडून फिरवा. कारण तसंच राहिलं तर हेड आणि ब्लॉकमधलं नवं गॅस्केटही त्याच घाटात जाईल.

गोडोलीकर:
थर्मोस्टॅट उघडतोय. पंखा बॅटरीवर फिरतो, गाडीच्या जोडणीवर नाही. वायर उंदरानं कुरतडलीय, आत्ताच सापडली.