मदत हवी आहे: सूनबाईला 'लागणे' कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

आमची सूनबाई लखनौची. लग्नाला दीड वर्ष झालं, मराठी हौसेने बोलते आणि छान बोलते. अडते ती एकाच शब्दापाशी, 'लागणे'. हिंदीत 'लगना' आहेच, त्यामुळे हा आपल्या ओळखीतला असं समजून ती बिनधास्त वापरते आणि तिथेच फसते.

जुलैत पाचगणीला निघालो होतो. वाई सोडताना मी म्हटलं, "पसरणी घाट आला, मला पुढे बसू दे गं, मला गाडी लागते." तर म्हणे, "आई, गाडीतच तर बसलोय!" त्याच आठवड्यात साताऱ्याहून माझ्या भावाचा फोन आला. मी ह्यांना सांगितलं, दादाकडे आडसालीची लागण झाली. हा शब्द तिने करोनाच्या बातम्यांत ऐकलेला. घाबरून विचारते, "मामांना ॲडमिट केलंय का?" आडसाली म्हणजे ऊस, आणि उसाचीही लागण, म्हणजे लागवड, होते हे तिला पटेना.

तिच्या बोलण्यातले नमुने: "मला लागतं आज पाऊस येणार." "ही साडी तुम्हाला छान लागते." "मला हसू लागलं."

पहिल्या दोन्हींवर मी एक नियम सांगितला. हिंदीचं एक 'लगना' आपल्याकडे तिघांत वाटलं गेलंय. मनाला वाटतं, डोळ्यांना दिसतं आणि जिभेला लागतं. पाऊस येईलसं वाटतं, साडी छान दिसते, आमटी छान लागते. हे तिला एकदम समजलं.

तिसऱ्यावर मात्र माझीच बोलती बंद झाली. 'मला हसू आलं', 'मी हसू लागले' आणि 'मला हसावं लागलं' यांतला फरक मला कळतो, सांगता येत नाही. कुणी सोपं करून सांगाल का? आणि या शब्दाला मुळात काही एक अर्थ आहे की नाही? यादी करायला बसले तर भूक, ठेच, झोप, निकाल, सुतक, फोन, वेड, नोकरी आणि वाट, सगळंच लागतं!

प्रतिसाद १
ताई, 'ला' कुणाला लागलाय ते बघायला सांगा (बघा, इथेही आलाच). 'मी हसू लागले' यात करणारी मी, क्रिया सुरू झाली एवढंच. 'मला हसावं लागलं' यात इच्छा नाही, नाइलाज आहे. साहेबांनी तोच विनोद चौथ्यांदा सांगितला की हसावं लागतं. हिंदीतली जोडी द्या, 'हँसने लगी' आणि 'हँसना पड़ा', एका मिनिटात कळेल. 'हसू आलं' मधलं हसू मात्र नाम आहे, रडू येतं तसं.

प्रतिसाद २
तुमचा जिभेचा नियम थोडा वाढवा. पाणी गार लागतं, गोधडी हाताला मऊ लागते. म्हणजे जीभ आणि कातडी दोन्ही. मूळ संस्कृत धातू 'लग्', चिकटणे. जे येऊन भिडतं ते लागतं. ठेच भिडते, ऊन भिडतं, एखाद्याचं बोलणं मनाला भिडतं. पातेल्याच्या बुडाला दूध चिकटलं तरी दूध लागलंच. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा, तेव्हा 'लग्न लागलं' म्हणजे चिकटलेलं पुन्हा चिकटवलं!

प्रतिसाद ३
'कानाला गोड लागतं' म्हणतात की. त्याचं काय करायचं?
असो. 'लावणे' पण सोबतच शिकवा. दिवा लागला/लावला, फोन लागला/लावला इथपर्यंत सरळ आहे. पण दूध लागलं म्हणजे करपलं आणि दूध लावलं म्हणजे गवळ्याकडे रतीब सुरू केला. आणि 'वेळ लागला' म्हटलं तर कुणाचा दोष नाही, 'वेळ लावलास' म्हटलं की भांडण. एसटी स्टँडवर घेऊन जा, तिथे 'गाडी फलाटावर लागलेली आहे' ऐकलं की पाचगणीचा घोळही मिटेल. की वाढेल?

धागाकर्ती
धन्यवाद मंडळी! 'हँसना पड़ा' ने काम झालं. काल जाऊबाईंचा फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "मला हो म्हणावं लागलं." अगदी बरोबर वापरलं.

आता नवीन अडचण. खालच्या मजल्यावर नवे शेजारी आलेत. त्यांना माझी ओळख करून देताना म्हणाली, "या माझ्या सासूबाई लागतात." मला ऐकायला कसंतरीच झालं. तो माझा मावसभाऊ लागतो, ती माझी चुलत नणंद लागते, हे आपण सर्रास म्हणतो. पण माझा मुलगा लागतो, माझी आई लागते असं कुणी म्हणत नाही. मग सासू लागते की असते? तिला काय सांगू?