चित्रपटाआधीची राइड
प्रसिद्ध चित्रपटातील पात्रे नसतील तर मनोरंजन उद्यानातील राइड चालत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झाली आणि तिच्यावर बेतलेला पहिला चित्रपट २००३ साली आला. म्हणजे तब्बल ३६ वर्षे ती स्वतःच्याच बळावर गर्दी खेचत होती.

माझ्या मते खरी करामत अपेक्षेच्या बांधणीत असते. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमधल्या ‘स्पेस माउंटन’ या अंधारात धावणाऱ्या रोलर कोस्टरचा कमाल वेग ताशी जेमतेम ४३ किलोमीटर आहे (आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवर दुचाकीही तेवढी पळते), परंतु अंधारात पुढचे वळण दिसत नसल्यामुळे शरीराला सावरायला अवधी मिळत नाही आणि तोच वेग दुप्पट भासतो. डिस्नेलँडच्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्याच्या राइडमध्ये तर उंच होत जाते असे भासणारी खोली ही प्रत्यक्षात लिफ्ट आहे, प्रेक्षकांना रेल्वेरुळांखालून पलीकडच्या इमारतीत नेण्याची निव्वळ व्यावहारिक अडचण तिथे गोष्टीचा प्रारंभ बनली.

नवरात्रात नाशिकच्या कालिका देवीच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. खाली माणसे चढत असताना आपला पाळणा नेमका टोकावर थांबतो, किंचित झुलतो, आणि त्या थांब्याची भीती फिरण्यापेक्षा अधिक लक्षात राहते. तिथे कोणतेही पात्र नसते, तरी लोक दुसरे तिकीट काढतात.

नामांकित पात्रांमुळे पहिल्या वर्षीची रांग वाढते, एवढे मात्र मान्य.