मदत हवी आहे: गोचर (ग्रहांचं सध्याचं राशीभ्रमण) चंद्रापासून पाहायचं की लग्नापासून?

नमस्कार मंडळी, माझी रास (जन्मवेळी चंद्र होता ती) मकर, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवत होती ती रास) सिंह. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत आला आणि माझी साडेसाती संपली. चंद्रापासून तो तिसरा, म्हणजे ३, ६, ११ या शुभ स्थानांपैकी एकात. पण लग्नापासून मोजला की थेट आठवा, म्हणजे अशुभ! एकच ग्रह, एकच रास आणि फळं अगदी उलटी. इथेच मी अडकले आहे.

वहीत शनीचं अष्टकवर्ग (प्रत्येक राशीत ग्रहाला ० ते ८ बिंदू देऊन बळ मोजायची पद्धत) मांडलं, तर मीनेत दोनच बिंदू. चारपेक्षा कमी म्हणजे दुबळं, एवढं कळतं. मग तिसऱ्या स्थानाचं शुभत्व त्यात विरून जातं का?

दुसरं, वेध, म्हणजे ठरावीक स्थानातल्या दुसऱ्या ग्रहामुळे शुभ गोचराला होणारा अडथळा. तिसऱ्या शनीला बाराव्या स्थानातून वेध होतो, माझ्या बाबतीत धनूतून. रवीचा वेध शनीला लागत नाही, पिता-पुत्र म्हणून. पण बुध-शुक्र धनूत जेमतेम तीन-चार आठवडे असतात. शनी राशीत अडीच वर्षं. एवढ्याशा वेधाला किती महत्त्व द्यायचं?

महादशा (जन्मनक्षत्रावरून ठरणारा ग्रहाचा काळ) गुरूची चालू आहे. दशा आधी, गोचर नंतर, हे मला पटतं. जाणकारांनी स्वतः पत्रिका तपासताना कोणत्या क्रमाने जाता ते कृपया सविस्तर सांगावं.