मदत हवी आहे: इंदूरहून विमानानं कोलकात्याला गुलाब पाठवताना खोके मागे राहतात

नमस्कार मंडळी,

महूजवळ आमचं एक एकराचं पॉलीहाऊस आहे, डच गुलाबाचं. मी आणि सासरे मिळून बघतो. राहायला मात्र इंदुरातच, लोकमान्य नगरात. आतापर्यंत माल इथल्याच फूलवाल्यांकडे जायचा. गेल्या हंगामापासून कोलकात्याचे एक व्यापारी घेतात, त्यांचा गाळा हावडा पुलाजवळच्या मल्लिक घाट बाजारात आहे. भाव इथल्यापेक्षा बरा मिळतो, पण फूल ताजं पोहोचलं तरच. आधी रेल्वेनं पाठवून पाहिलं. शिप्रा एक्सप्रेस थेट हावड्याला जाते, पण रोज नसते, आणि गाडीत एवढे तास काढल्यावर कळ्यांच्या माना वाकलेल्या निघाल्या. म्हणून विमान धरलं.

तुळशीचं लग्न झालं की मागणी एकदम वाढते. त्या आठवड्यात नऊ खोके बुक केले. पहाटे कापणी, मग देठ पाण्यात, मग वीस-वीसच्या गड्ड्या बांधून कळ्यांभोवती पन्हळी कागद. साडेबाराला लोडिंग गाडी निघाली. राऊ, राजेंद्रनगर, फूटी कोठी इथपर्यंत ठीक, पुढे कालानी नगरच्या चौकात पाऊण तास अडकलो. गाडीवर ताडपत्री, वर ऊन. तीनच्या सुमारास कार्गोच्या शेडला पोहोचलो. वजन झालं, खोके एक्स-रेमधून गेले, एअरवे बिल (विमानानं माल पाठवल्याची पावती) हातात आलं आणि मी निर्धास्त होऊन घरी आले.

रात्री साडेनऊला एजंटचा निरोप: चार गेले, पाच ऑफलोड, म्हणजे विमानात न जाता मागे राहिले. प्रवाशांचं सामान जास्त होतं म्हणे. ते पाच खोके रात्रभर शेडमध्ये उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं गेले. व्यापाऱ्यांनी फोटो पाठवले. पाकळ्यांच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि एका गड्डीत मधली कळी कुजून शेजारच्या दोघींना चिकटलेली. पाच खोक्यांचे पैसे मिळाले नाहीत, भाडं मात्र नऊंचं भरलं. सासरे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ते पॉलीहाऊसमध्ये गेलेच नाहीत. मला तेच जास्त लागलं.

दुसरं, वजनाचं. एक खोका 100 × 40 × 30 सेंटीमीटर. त्यात बारा गड्ड्या, म्हणजे 240 फुलं. काट्यावर 11 किलो भरतो, बिलात 20 किलो लागतो, कारण हलक्या पण मोठ्या खोक्याचं वजन त्यानं अडवलेल्या जागेवरून धरतात. लांबी, रुंदी, उंची गुणून 6000 नं भागायचं, हा हिशेब एजंटनं समजावला आणि तो मला पटलाही. पण फूल चिरडू न देता खोका लहान कसा करायचा?

आणि खोके मागे राहू नयेत म्हणून आमच्या हातात नेमकं काय असतं? सकाळचं विमान धरावं का? एजंट सोडून थेट विमान कंपनीकडे जावं का? घरी एक विचार असाही आहे की गाडीनं मुंबईला नेऊन तिथून पाठवावं. या कामातलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

जुना बुकिंग क्लार्क:

ताई, वाचून वाईट वाटलं. मी वीसेक वर्षं कार्गो बुकिंग केलं आहे, त्यातलं सांगतो.

तुमचा माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. तिथे आधी प्रवाशांचं सामान, मग उरलेल्या वजनात कार्गो. लग्नसराईत माणशी बॅगा जड असतात, म्हणून नेमका तुमच्या हंगामातच कार्गो उतरवला जातो. उन्हाळ्यात आणखी एक भर: गरम हवा विरळ असते, त्यामुळे दुपारी विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये तरी सकाळचं किंवा रात्रीचं विमान बघा. आणि शक्यतो थेट विमान. मधे बदली असली की खोके आणखी एकदा उतरतात, आणखी एकदा विमानतळावर थांबतात.

एजंट सोडू नका, पण त्याला नीट विचारा: जागा कन्फर्म आहे की जमली तर जाईल? बिलावर नुसतं 'फुले' लिहून भागत नाही. नाशिवंत मालासाठी खुणेचे कोड असतात, फुलांचा 'पीईएफ' आहे, तो टाकून घ्या. कुणाचे खोके उतरवायचे हे ठरवताना तो कोड समोर असलेला बरा. नऊ खोके एकाच बिलावर न पाठवता दोन विमानांवर दोन बिलं करा. दर बिलाला किमान आकार लागतो, थोडं महाग पडेल, पण सगळं एका टोपलीत राहत नाही.

मुंबईचा विचार मी करणार नाही. सहाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यात तुमची रात्र गेली.

मावळातला गुलाबवाला:

वहिनी, खोके रात्रभर थांबले हे खरं, पण फूल खोक्यात गरमच गेलं होतं असं मला वाटतं. कापणीनंतर किमान तीन-चार तास 2 ते 4 अंशांवर ठेवून, थंड असतानाच खोका भरा. कापलेलं फूल श्वास घेतं, त्यातून उष्णता निघते, आणि बंद खोक्यात ती कोंडते. मधली कळी आधी कुजली ती यामुळेच. खोक्याला दोन्ही टोकांना भोकं हवीत. बर्फ घालू नका, पाणी गळणारा खोका शेडवर घेत नाहीत. सुका बर्फ धोकादायक मालात मोडतो, त्याचे कागद वेगळे. जेल पॅक चालतात, कागदात गुंडाळून.

खोक्याचं म्हणाल तर निम्म्या गड्ड्या एका टोकाकडे तोंड करून, निम्म्या दुसऱ्या टोकाकडे, देठ मधे एकमेकांवर. वरून पट्टी आवळा. उंची 25 वर येते. मग तोच खोका सुमारे 16.7 किलो धरला जाईल.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. नऊ खोक्यांचे 180 चे 150 किलो होतात, आत्ताच मांडून पाहिलं. आमच्याकडे शीतखोली आहे, पण त्या दिवशी घाईत फुलं तासभरच ठेवली होती. चूक तिथेच झाली.

दादा, एक राहिलं. खोके उतरवले हे एजंटला रात्री साडेनऊला कळलं की त्याआधीच? विमान सुटण्याआधी कळलं असतं तर मी ते शेडमधून परत आणून रात्री शीतखोलीत ठेवले असते. एकदा बिल झाल्यावर माल असा परत घेता येतो का, आणि पुन्हा द्यायचा तर एक्स-रे नव्यानं करावा लागतो का? पुढची कापणी गुरुवारी आहे, तोवर कळलं तर फार बरं होईल.