ऑटिझम आणि इंजिनिअरिंगची ब्रँच : उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय, मदत हवी

घाईत_बाबा : पाल्य ऑटिस्टिक आहे. सीईटी बरी गेली. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रम यादी) उद्या रात्री बंद होतोय. कॉम्प्युटर, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) की मेकॅनिकल? थेरपी सुचवू नका, बारा वर्षं चालूच आहे. फक्त ब्रँच सांगा.

खडूफळा : बरी म्हणजे किती? गाव कुठलं? यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आहे का? प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं असेल तर २०१६च्या कायद्याने सरकारी-अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा राखीव असतात.

घाईत_बाबा : ९१ पर्सेंटाइल. नाशिक. कार्ड फॉर्मला जोडलंय. ब्रँच??

जावा_भाऊ : डोळे झाकून कॉम्प्युटर. ही मुलं कोडिंगमध्ये बाप असतात. सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३मध्ये त्यांच्यासाठी भरतीचा खास कार्यक्रमच जाहीर केला होता.

सोल्डरगन : "ही मुलं" एका साच्यातली नसतात, भाऊ. मी स्वतः ऑटिस्टिक, निदान ३१व्या वर्षी. कोडिंगची नोकरी सोडली. रोज सकाळी उभ्याने मीटिंग, दुपारी सगळं बदललेलं, शेजारचा सतत फोनवर. आता चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे. चिपने काय करायचं ते लिहिलेलं असतं, ती कुठे चुकते ते मी शोधतो. वाद झाला की कागद दाखवायचा. ईअँडटीसीतून इकडे येता येतं. कॉलेजात मात्र गणितापेक्षा व्हायवा आणि ग्रुप प्रोजेक्टने छळलं. मुलाला कशाचा त्रास होतो? आवाज? अचानक बदल?

रानवाटा : गहू-दूध बंद करून पाहिलंत का? आणि ऑटिस्टिक काय, स्वमग्न म्हणा की. छान मराठी शब्द आहे.

खडूफळा : ब्रँच विचारलीय, नाश्ता नाही.

सोल्डरगन : स्वमग्न कसला! मला तीन टेबलांपलीकडचं पेन टकटकलेलं ऐकू येतं.

घाईत_बाबा : मुलगा नाही, मुलगी आहे. मिक्सर लावला की अंगणात जाते. पण आजीचं शिलाई मशीन खोलून परत जोडते, प्रत्येक भागाचं चित्र मापांसकट वहीत. म्हणून मेकॅनिकल मनात आलं.

जावा_भाऊ : मिक्सर सोसत नाही आणि प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या मशीनच्या गोंगाटात, पाठवणार?

लेथमावशी : मेकॅनिकल म्हणजे नुसतं प्रेस शॉप नव्हे हो. मी नाशिकच्याच सातपूर एमआयडीसीत मेट्रॉलॉजीत, म्हणजे भागांची मापं तपासायच्या कामात आहे. सीएमएमची (मापं घेणाऱ्या मशीनची) खोली बंद, २० अंशांवर, मायक्रॉनमधली मापं, दिवसभर कुणी बोलत नाही. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगलाही, कानात काहीतरी घालून बसलेल्या मुली आहेत. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपला इअरमफ चालतील का, एवढं कॉलेजात जाऊन विचारा.

सोल्डरगन : तिची स्वतःची पसंती काय?

घाईत_बाबा : आत्ता विचारलं. यादी मार्चमध्येच करून ठेवलीय म्हणे. पहिल्या आठ ओळी मेकॅनिकल, क्रम मात्र बस बदलावी लागते की नाही यावर.

जावा_भाऊ : आणि प्लेसमेंट?